पाण्याला विचारा

११ मार्च २०२४, सोमवार

आज पर्वतीवर पायरी ६१ ला थांबलो. छातीवर ओली गोणी ठेवावी तसा भार. दुखणं नव्हे, नुसता भार. भिंतीला टेकून शहर बघतोय असा आव आणला. तीनेक मिनिटांत उतरलं. मग उरलेल्या ४२ पायऱ्या हळूहळू चढलो, कारण अर्ध्यातून परत फिरणं म्हणजे कबुली. गेल्या दहा दिवसांतली ही तिसरी वेळ.

हिला काही बोललो नाही.

नोकरीत तीस वर्षं कालव्याची गेजवही रोज भरली. सकाळी सहाची पातळी, संध्याकाळी सहाची. निवृत्तीनंतर ही रोजनिशी त्याच सवयीची. तेव्हा आकडा नोंदवून ठेवतो : ६१.

१४ मार्च, गुरुवार

हिला कळलंच. मंगळवारी पट्ट्यावर चालायची तपासणी झाली. ‘थोडी पॉझिटिव्ह’ म्हणाले. आज अँजिओग्राफी.

मनगटातून नळी घातली. डोकं जरा वळवलं की पडदा दिसत होता. रंग सोडला की नकाशावर कालवा आणि वितरिका उमटाव्यात तशा रेघा उमटत आणि दोन ठोक्यांत पुसून जात. दोन ठिकाणी रेघ बारीक झालेली मलासुद्धा दिसली.

तरुण डॉक्टर म्हणाला, “काका, उजवीकडे सत्तर टक्के आहे. डावीकडे, एलएडीत, साठ. आत आहोतच, दोन स्टेंट टाकून मोकळे होऊ. पॉलिसी आहे ना?”

“सत्तर कशावरून?”

“अनुभवावरून.”

बाहेर त्याच वेळी मुलाच्या हातात सहीचा कागद दिला होता आणि ही त्याच्या दंडाला धरून उभी होती. मी आतून सांगितलं, आज नको, विचार करतो. खोलीत एकदम शांतता. मग फाइलवर लाल शाईत लिहिलं गेलं की रुग्णाने नकार दिला. इतक्या वर्षांत ठेकेदारांच्या बिलांवर मी लाल शेरे मारले, आज माझ्यावर पडला.

गाडीत ही एवढंच म्हणाली, “हट्टीपणा कालव्यावर चालायचा. हे हृदय आहे.”

१६ मार्च, शनिवार

घराला सत्यनारायण असल्यासारखी वर्दळ. शहाळी आठ. सल्ले मोजले नाहीत.

मेहुणे म्हणाले, “सत्तर टक्के म्हणजे तीसच टक्के रक्त जातंय. भावजी, थट्टा आहे का?” शेजारचे नाना २०१६ मध्ये दोन स्टेंट घालून आले. त्यांची हळहळ निराळीच. वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरकारने किमतीवर मर्यादा घातली : साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६००. “थांबलो असतो तर!” असं ते अजून म्हणतात.

सगळे गेल्यावर कागदावर हिशेब मांडला. सत्तर टक्के हा व्यासाचा आकडा. व्यास तीन दशांश उरला तर क्षेत्रफळ नऊ शतांश उरतं. म्हणजे वाट ९१ टक्के बंद. मेहुण्यांच्या हिशेबाने मी आत्ता या खुर्चीत बसून शहाळं पिऊ नये. पण पितोय, आणि छातीत काही नाही. मग आकडा चुकीचा की हिशेब?

१८ मार्च, सोमवार

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाई पन्नाशीच्या, बोलणं कमी. सीडी तीनदा पाहिली. मग विचारलं, “काम काय करत होता?”

“पाटबंधारे.”

“मग अर्धं काम झालं.” त्यांनी लेटरहेड उलटं करून चित्र काढलं. “या चित्रात आपल्याला पोकळीची सावली दिसते. भिंत दिसत नाही, पलीकडच्या स्नायूला किती रक्त पोचतं तेही दिसत नाही. नळी अरुंद आहे का, हा प्रश्न झालाच. आता विचारायचं ते असं की, स्नायूला गरज पडते तेव्हा पुरतं का?”

मेहुण्यांचं गणित कुठे चुकतं तेही त्यांनी सांगितलं. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक वाहिन्या आपण स्वस्थ असताना आखडलेल्या असतात. वर अडथळा आला की त्या सैल होतात आणि प्रवाह सांभाळून घेतात. १९७४ मध्ये लान्स गूल्ड यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की, व्यास ८५ टक्क्यांच्या आसपास आवळेपर्यंत स्वस्थ असतानाचा प्रवाह हलतही नाही. पण वाहिन्या पूर्ण उघडल्यावर जो कमाल प्रवाह मिळायला हवा, तो व्यास निम्मा होण्याच्या सुमारासच घटू लागतो. निरोगी हृदयात हा कमाल प्रवाह स्वस्थ असतानाच्या चार-पाच पट असतो. म्हणून खुर्चीत ठीक, पर्वतीवर ६१.

“रब्बीत तक्रार नाही, उन्हाळी आवर्तनात टेल कोरडं,” मी म्हणालो.

“तेच. म्हणून उन्हाळा आणायचा आणि मोजायचं.” केसापेक्षा काही पट जाड तार, ०.०१४ इंच, टोकाजवळ दाब मोजणारा सेन्सर. ती अडथळ्याच्या पलीकडे न्यायची. एक दाब महाधमनीतला, एक पलीकडचा. ॲडेनोसिन देऊन बारीक वाहिन्या पूर्ण उघडायच्या आणि पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाने भागायचा. निरोगी नळीत उत्तर एक. ०.८० किंवा खाली आलं तर अडथळा खरोखर आड येतोय.

“याला एफएफआर म्हणतात. तारेचे पैसे वेगळे पडतील. आणि कदाचित उत्तर असं येईल की काहीच टाकायचं नाही. चालेल?”

काहीच न करण्यासाठी पैसे. हिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

२० मार्च, बुधवार

रात्री दोन. झोप नाही. दुपारपासून कालव्यावरचा एक पाटकरी आठवतोय.

नोकरीची पहिली वर्षं. कालवा कुठला ते लिहीत नाही. टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटची, गावं दरवर्षी मोर्चा आणायची. मी कालव्याकडेने जीपने फिरलो आणि एका जुन्या पुलाखाली गाळ आणि पानकणसाने अर्धं पात्र खाल्लेलं पाहिलं. शेंबडं पोर सांगेल, इथेच अडतंय. कालवा बंद असताना सगळा निधी त्या पुलावर ओतला. पात्र आरशासारखं केलं, फोटो काढून वरिष्ठांना पाठवले. उन्हाळी पाणी सोडलं. टेल कोरडंच.

तेव्हा पाटकरी म्हणाला होता, “सायब, डोळ्याला काय इचारताय? पान्याला इचारा, कुठं अडतंय ते.” पूर्ण विसर्ग चालू असताना त्याने प्रत्येक बांधकामाच्या वर आणि खाली बांबूच्या पट्ट्या रोवल्या. साफ केलेल्या पुलाच्या मागे-पुढे फरक बोटभर. साफ करण्याआधीही फार नसावा. पुढे ओढ्याखालून जाणारा सायफन, वरून बघायला काहीच नाही, दोन्ही तोंडं स्वच्छ. तिथे पाणी हातभर उतरलं होतं. आत गाळ.

आज एफएफआरबद्दल वाचताना चपापलो ते यामुळेच. या शास्त्राची कथा तीच आहे. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये जाग्या माणसाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा ते अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजत होते. म्हणजे पट्ट्या पहिल्या दिवसापासून होत्या. पण तेव्हाच्या नळ्या जाड, त्या स्वतःच वाट अडवायच्या. मोजणी मागे पडली, डोळा पुढे आला. पुढे आइंडहोव्हनचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्राउनं यांनी बारीक तारेवर ती परत आणली. १९९६ चा त्यांचा लेख अवघ्या ४५ रुग्णांवरचा, ज्यांचे अडथळे मधल्यामध्ये होते, चित्र बघून हो-नाही सांगता येऊ नये असे. २१ जणांत गुणोत्तर ०.७५ च्या खाली आलं आणि त्या सगळ्यांच्या बाबतीत दुसऱ्या एखाद्या तपासणीनेही स्नायूची ओढाताण दाखवली.

आणि ‘अनुभवा’चं काय? २००९ च्या ‘फेम’ अभ्यासात १,००५ रुग्ण होते. त्यातल्या नळ्या मोजल्यावर दिसलं की, डोळ्याला ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी खरोखर आड येणारे ३५ टक्केच. ७१ ते ९० टक्के वाटलेल्यांतले ८० टक्के. म्हणजे माझ्यासारख्या साठ-सत्तरवाल्यांत तीनांतले सुमारे दोन पूल उगाच साफ होतात. आणि ते फुकट जात नाही. चित्र बघून स्टेंट टाकलेल्या गटात वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा दुरुस्ती यांपैकी काहीतरी १८.३ टक्क्यांना झालं, मोजून टाकलेल्या गटात १३.२ टक्क्यांना. स्टेंटही कमी लागले, माणशी २.७ ऐवजी १.९.

ही उठून आली. म्हणाली, “परीक्षा आहे का उद्या?” तिला पाटकऱ्याची गोष्ट सांगितली. लग्नाला ३९ वर्षं झाली, ही गोष्ट तिला माहीत नव्हती. साफ केलेल्या पुलाचा फोटो मात्र हॉलमध्ये कितीतरी वर्षं होता.

२२ मार्च, शुक्रवार

कालपासून चहा बंद. ॲडेनोसिनच्या कामात कॅफीन आड येतं, म्हणून चोवीस तास चहा, कॉफी, चॉकलेट काही नाही. आजच्या सगळ्या यातनांत ही पहिली.

या खेपेला डावं मनगट. आधी तार महाधमनीच्या तोंडाशी नेऊन दोन्ही दाब सारखे करून घेतले. गेजचं शून्य जुळवतात तसं. तंत्रज्ञ पोराला विचारलं, “शेवटी परत तपासता ना?” तो हसला. “काका, ड्रिफ्ट बघतोच. तार परत इथे आणल्यावर दोन्ही सारखे आले नाहीत तर सगळं पुन्हा.” इतकं बरं वाटलं की विचारू नका.

उजवी नळी आधी. सत्तरवाली. ॲडेनोसिन सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात चेहरा तापला, श्वास अपुरा वाटू लागला, छातीवर तीच ओली गोणी, आडव्या माणसावर. पर्वती न चढता पायरी ६१. बाई म्हणाल्या, “हे औषधाचं आहे, बंद केलं की काही सेकंदांत जाईल. बोलत राहा.” काय बोलणार? पडद्यावरच्या दोन रेघा बघत राहिलो. लाल महाधमनीची, हिरवी पलीकडची. लाल ९४ वर, हिरवी ८७ वर. ०.९३.

“ही सोडून द्यायची,” बाई म्हणाल्या.

मग एलएडी. साठवाली, जिच्याबद्दल कुणी फारसं बोललंही नव्हतं. औषधाआधीचा स्वस्थ आकडाही त्यांनी घेतला. त्यालाही निराळी सीमा आहे, ०.८९. २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी, त्यातली एक स्वीडनमधली, दाखवलं की ॲडेनोसिन न देता या आकड्यावर घेतलेले निर्णयही वर्षभराच्या हिशेबात कमी पडत नाहीत. माझा आला ०.९१. म्हणजे पास. पुन्हा ॲडेनोसिन, पुन्हा गोणी. हिरवी रेघ लालपासून सुटून खाली निघाली, आणि छातीतल्या भारापेक्षा ती रेघ बघून पोटात जास्त गोळा आला. ९२ आणि ७३.

०.७९.

खोलीत पुन्हा शांतता, पण १४ तारखेची नव्हे. तेव्हाची माझ्यावर रागावलेली होती. आजची विचार करत होती. बाईंनी तार मागे ओढत आणताना कुठे किती दाब परत मिळतो ते पाहिलं. एका ठिकाणी उडी नव्हती. लांबट पट्ट्यात थोडा थोडा उतार. शेवटी तार मुळाशी आणली. दोन्ही दाब सारखे. पोराने माझ्याकडे बघून मान हलवली.

मग त्या टेबलाशी येऊन बोलल्या, मला समजेल अशा भाषेत. उजवीकडची चिमट दिसायला वाईट, पण लांबी चार-पाच मिलिमीटर. पुलाखालचं पानकणीस. डावीकडचा गाळ पसरट आणि लांब, आणि एलएडीचं लाभक्षेत्र मोठं, हृदयाची सगळी पुढची भिंत. तितकाच अरुंदपणा छोट्या फाट्यावर असता तर आकडा वर आला असता.

“मग टाकायचा?”

“नियमाने टाकता येतो. ०.७५ ते ०.८० च्या मधली जागा मात्र धूसर आहे. पुन्हा मोजलं तर ०.८१ येऊ शकतो. स्वस्थ आकडा ठीक म्हणतोय. आणि तुम्ही अजून एकही गोळी नीट घेऊन पाहिलेली नाही.” जरा थांबून, “आज नाही टाकला तर पुढे टाकता येईल. टाकलेला काढता येत नाही.”

मी आयुष्यभर समजत आलो की पट्टी लावली की वाद मिटतो. पट्टीने एक वाद मिटवला, उजवीकडचा. दुसरा माझ्या ओटीत टाकला.

म्हणालो, “हिला आत बोलवा.”

एप्रन घालून ही आली, पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत. बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या. ०.८० च्या खालच्यांना नुसत्या गोळ्यांवर ठेवलं तेव्हा पुढे घाईघाईने दवाखाना गाठायची वेळ जास्त जणांवर आली, हे २०१२ च्या ‘फेम-२’मध्ये दिसलं. उलट, २०२० च्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण होते. आधी स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू आणि झटके कमी झाले नाहीत. त्रास मात्र कमी झाला. तिने सगळं ऐकून एकच विचारलं : “रात्री झोपेत काही होईल का?”

“तो धोका या चिमटीवर मोजून सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “झटका पुष्कळदा फारशा न आवळलेल्या जागी, भिंतीतला साका फुटून येतो. त्याच्यावर स्टेंट नाही, गोळ्या आणि पथ्य आहे. स्टेंट टाकला तरी ते चुकणार नाही.”

ही म्हणाली, “मग सहा आठवडे गोळ्या. पण मी पाहीन घेतो की नाही.”

निर्णय तिने घेतला, माझी मान हलली.

२४ मार्च, रविवार

होळी. पुरणपोळी अर्धी, तूप दिसेल न दिसेल इतकं. गोळ्यांचा डबा सात खणांचा : ॲस्पिरिन, स्टॅटिन, नाडी संथ ठेवणारी, आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली खिशात.

मेहुणे आले. “काय, किती टाकले?”

“एकही नाही.”

“म्हणजे दोन्ही ब्लॉक तसेच ठेवून आलात?” त्यांच्या आवाजात बँकेत लॉकर उघडा टाकून आल्याचा धक्का होता. त्यांना ०.९३ सांगितलं, ०.७९ सांगितलं. ते म्हणाले, “पॉइंटात काय बोलता, टक्क्यांत सांगा.”

सांगितलं : उन्हाळ्यात मिळायला हवं त्यातलं उजवीकडे ९३ टक्के मिळतंय, डावीकडे ७९. ते गप्प झाले. मग म्हणाले, “मग आमच्या भागातल्या नळापेक्षा बरंच आहे की.”

३१ मार्च, रविवार

पर्वतीला अजून परवानगी नाही. सपाटीवर तीन किलोमीटर, हिच्यासोबत. ती माझ्या चालीने चालत नाही, मी तिच्या चालीने चालतो. पुढे जाऊन थांबायची माझी ३९ वर्षांची खोड गोळीने घालवली.

एक गोष्ट टोचते, लिहून ठेवतो. पहिल्या दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरवर मी मनात फार चिडलो होतो. पण पुलाखालचं पानकणीस पाहून मी तरी काय केलं होतं? समोर घाण दिसत होती, हातात निधी होता आणि टेलचे लोक दारात उभे होते. न मोजता साफ करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. मोजून सोडून देणाऱ्याला सगळे विचारतात. मेहुणेच बघा.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी मुलाने उभारली, मला हात वर करू दिले नाहीत. कडुनिंबाचा पाला, गूळ, मग गोळ्या.

बाईंनी काल परवानगी दिली. ही म्हणाली, मीपण येते. सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी. प्रत्येक वीस पायऱ्यांनी ती थांबायची आणि पदराने घाम पुसायची. घाम तिला आला नव्हता, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे तिला.

६१ ला मी मुद्दाम थांबलो नाही. पावलं मोजत राहिलो. ७० च्या पुढे धाप. ८० ला छाती तपासली, एखाद्या सायफनच्या तोंडाशी कान लावावा तशी. कुठेतरी, अगदी हलकं, बोटाने दाबल्यासारखं काहीतरी होतं. की नव्हतं? ८८ ला बसलो. बाटली काढली नाही. दोन मिनिटांनी काहीच उरलं नाही.

“वर जायचं?” हिने विचारलं.

“आज नको.”

उतरताना लक्षात आलं, अर्ध्यातून परत फिरल्याचं या वेळी काही वाटलं नाही.

नोंद : पायरी ८८. धाप आहे. भार शंकास्पद. पुढची मोजणी पुढल्या मंगळवारी.